पाणीमहाराजाचा वग

तालमीत कुणी पदरचा शब्द घातला की मयुरेश गुरवच्या अंगावर झुरळ चढल्यासारखं व्हायचं. हातातली वही तो फाडकन मिटायचा आणि समोरच्या चौदा माणसांना म्हणायचा, "शब्द माझे आहेत. स्वतःचे बोलायचे असतील तर घरी बायकोपुढे बोला." ती बिचारी दिवसभर कुणी एसी उघडून, कुणी व्हॅन चालवून दमलेली. त्यांना हे ऐकून घ्यायची काही गरज नव्हती. पण बहारीनमधल्या त्यांच्या कोकणी मंडळाचा वार्षिक वग गेली अकरा वर्षं मयुरेशच लिहीत होता, आणि दुसऱ्या कुणाला यमकाला यमक जुळवता येत नव्हतं. म्हणून ऐकून घेत.

हा खडूसपणा त्यानं एका पुस्तकातून उचलला होता. मयुरेश मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर. त्याचा इंग्रज मॅनेजर रिटायर होऊन गेला तेव्हा पुस्तकांचं एक खोकं स्टोअरमध्येच टाकून गेला. त्यात ऑगस्टस पेन्फोल्ड नावाच्या माणसाचं जाडजूड चरित्र होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात लंडनच्या रंगभूमीवर हसवणारी संगीत नाटकं चालायची. संगीत दुसऱ्याचं, शब्द या पेन्फोल्डचे. रोज जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर डिक्शनरी उघडून मयुरेश एक पान वाचायचा. दीड पान झालं तर त्या दिवशी तो खुशीत असायचा.

पेन्फोल्ड आधी वकील होता. पहिल्या वर्षी त्याला पाच खटले मिळाले, पाचही तो हरला, आणि पुढं त्या पाचही न्यायाधीशांना त्यानं एकेका गाण्यात आणून बसवलं. हे वाचून मयुरेश स्टोअरमध्ये एकटाच मोठ्यानं हसला होता. न्यायाधीशांनंतर पेन्फोल्डनं मंत्र्यांना घेतलं, आरमाराच्या सरदारांना घेतलं, बिशपांना घेतलं. एक शब्द इकडचा तिकडे केला तर नटाला दंड करायचा. मयुरेशला वाटलं, हा आपला माणूस. भाषा वेगळी, देश वेगळा, पण जात एकच, वग लिहिणाऱ्याची.

त्या वर्षी एप्रिलमधल्या एका शुक्रवारी तो विठ्ठलला भेटायला त्याच्या लेबर कॅम्पवर गेला. विठ्ठल त्याच्या गावचा, भावकीतलाच. जयेशशेठ सावर्डेकरच्या कंपनीत क्लीनर होता. मोठमोठ्या इमारती लख्ख धुऊन पुसून द्यायच्या, हा शेठचा धंदा. कॅम्पच्या एका खोलीत बारा माणसं, दोन्ही बाजूंना तीन-तीन दुमजली खाटा. मयुरेशनं हातपाय धुवायला नळ सोडला आणि मागं सरकला. पाणी पिवळट होतं आणि त्याला वास होता. बादलीत एक करडं पीस तरंगत होतं.

"ह्ये काय रे?"

"टाकीचं झाकण फुटलंय," विठ्ठल म्हणाला. "दीड वरीस झालं. कबुतरं पडतात, मरतात. आमी फडक्यानं गाळून घेतो. पियाला कंपनी बाटल्या देती, पन त्या मंगळवारपत्तूर संपतात. मंग ह्येच उकळायचं."

त्यानं सदरा वर केला. पाठीवर पुळ्या होत्या, काही फुटलेल्या. शेजारच्या खाटेवरचा ओवैस, तोही रत्नागिरीकडचाच, निमूटपणे आपल्या मांडीवरच्या दाखवायला लागला. येताना विशाखानं, त्याच्या बायकोनं, बांगड्याचं कालवण करून दिलं होतं. बारा जणांनी ते त्याच पाण्यात शिजवलेल्या भाताबरोबर खाल्लं आणि तोही बसला त्यांच्यात, कारण उठून जाणं शोभलं नसतं. भाताला तोच वास होता. प्रत्येक घास त्यानं पाहुण्यासारखं हसत गिळला.

"कंप्लेंट करा की," तो म्हणाला.

"आनि व्हिसा कॅन्सल झाला की तुमी देताव काय दुसरा?" विठ्ठल म्हणाला.

परतताना गाडीत मयुरेशला ती युक्ती सुचली. त्याच्या गावात शिमग्याच्या नमनात एक रीत आहे. वग संपला की वगात ज्याची टर उडवली असेल त्याच्यापुढं नारळ ठेवायचा. त्यानं तो सगळ्या गावासमोर उचलायचा, 'मान्य' म्हणायचं आणि पुढच्या शिमग्याच्या आत आपली चूक निस्तरायची. मयुरेशच्या वडिलांनी एकदा गाळानं भरलेल्या विहिरीवरून खोताची अशी काही सालटी काढली, की तिसऱ्या दिवशी विहिरीत गडी उतरले. ही गोष्ट मयुरेशनं लहानपणापासून शंभर वेळा ऐकली होती. आणि या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमाचा प्रमुख पाहुणा कोण, तर जयेशशेठ. चिपळूणकडचाच. त्याला ही रीत ठाऊक नसेल असं होणंच शक्य नव्हतं.

त्यानं आठ दिवसांत वग लिहिला. नाव 'पाणीमहाराज'. एका बेटाचा राजा, त्याला आंघोळीला अत्तराचं पाणी आणि रयतेला कबुतराचं. त्यातलं मुख्य गाणं लिहिताना तो रात्रभर खदखदत होता:

पाणीमहाराज, पाणीमहाराज,
नळातून येतंय कबूतर आज!
पीस आलं काल, आज आला पाय,
उद्याच्या घागरीत येणार काय?

कमालनं चाल लावली. कमाल परकार दापोलीचा, बुसैतीन भागातल्या एका दुकानात हिशेबनीस, आणि पेटीवर हात असा की भाडेकरू वरच्या मजल्यावरून खाली येऊन दारात उभे राहत. अकरा वर्षं शब्द मयुरेशचे आणि चाल कमालची. चाल ऐकल्यावर तालमीतली चौदाही माणसं डोलायला लागली. मयुरेश तेवढा डोलला नाही.

"गोड झालीय," तो म्हणाला.

"मग? चाल गोड नको तर काय आंबट लावू?"

"कमालभाई, हे ऐकून शेठला लाज वाटली पाहिजे. ह्याच्यावर तर लोक बारशाला नाचतील."

"अरे यार, कडू गोळी साखरेशिवाय कुणाच्या घशाखाली उतरत नाय. तू शब्द बघ, चाल माझ्यावर सोड. खलास." आणि कमालनं पेटी बंद केली.

चरित्रात पेन्फोल्डचं आणि त्याच्या संगीतकाराचं याच कारणावरून भांडण झालं होतं. त्या भांडणापर्यंत मयुरेश पोचला होता, पुढची चाळीसेक पानं राहिली होती. संगीतकाराशी वाजल्यावर पेन्फोल्ड दोन वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. मयुरेशला दोन वर्षं परवडणारी नव्हती, प्रयोग तीन आठवड्यांवर होता. त्यानं चाल गिळली.

प्रयोगाला भाड्याचा हॉल भरला. पुढच्या सोफ्यावर जयेशशेठ, पांढरा सफारी, कपाळाला गंध, अंगाला ऊदाच्या अत्तराचा घमघमाट. मयुरेश विंगेत उभा राहून वगाकडं बघत नव्हता, शेठच्या चेहऱ्याकडं बघत होता. पाणीमहाराज झालेल्या नटानं शेठसारखंच पोट पुढं काढून एंट्री घेतली आणि हॉल हशानं फुटला. मागच्या रांगेत कॅम्पमधले बाराही जण होते. गाणं सुरू झालं. 'पीस आलं काल'ला शेठ पुढं झुकला. मयुरेशला वाटलं, आता उठतो, आता जातो.

शेठ हसत होता. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. गाणं संपलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो शेठच, "वन्समोर!" गाणं पुन्हा झालं. दुसऱ्या वेळी शेठ मांडीवर ठेका धरून स्वतः म्हणत होता. शेवटी नारळ पुढं ठेवला तर तो रुबाबात स्टेजवर चढला, नारळ दोन्ही हातांनी डोक्याला लावला आणि माईकमध्ये गरजला, "मान्य! अरे, मान्य म्हणजे काय, शंभर टक्के मान्य! आपल्या मातीतला विनोद आहे हा, हसायला काळीज लागतं!" टाळ्या थांबेनात. त्यानं मयुरेशला ओढून शाल घातली आणि फोटोसाठी गळ्यात हात टाकला. त्या हाताचा ऊद मयुरेशच्या मानेला चिकटला.

घरी गेल्यावर विशाखानं ती शाल दोन बोटांत धरून वॉशिंग मशीनकडं नेली.

"शेठ रागावला नाही?" तिनं विचारलं.

"हसला. मान्य पण म्हणाला."

"हसला? मग संपलं." तिनं मशीनचं झाकण लावलं. मयुरेशला बायकोचा भयंकर राग आला. बायकांना कलेतलं काय कळतं, असं काहीतरी तो पुटपुटलादेखील. दुसऱ्या दिवशी त्यानं विठ्ठलला फोन करून सांगितलं, शेठ जाहीर बोललाय, आठ दिवस धीर धर.

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. जून लागला. बहारीनच्या जूनमध्ये छतावरच्या टाक्यांतलं पाणी चहा करावा इतकं तापतं. कबुतर असलेल्या टाकीचं काय होत असेल, याचा विचार मयुरेशच्या मनात जेवताना यायचा. मग तो ताट सरकवायचा.

त्याच दिवसांत पेन्फोल्डच्या चरित्रातली शेवटची पानं आली. ज्या मंत्र्यावर त्यानं सगळ्यात जहरी गाणं लिहिलं होतं, त्या मंत्र्यानं आपल्या वाढदिवसाला तेच गाणं बॅन्डवर वाजवून घेतलं आणि पेन्फोल्डला शेजारी बसवून जेवू घातलं. पेन्फोल्ड जेवला. पुढं त्याला किताब मिळाला, मोठं घर मिळालं, तळं मिळालं. ज्या कायद्याबद्दल ते गाणं होतं तो कायदा आणखी तीस वर्षं तसाच राहिला. लेखकानं हे सगळं मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं. मयुरेशला त्या पानावर तुपकट बोटांचे डाग दिसल्यासारखे वाटले. पुस्तक त्यानं रंगाच्या डब्यांमागं टाकलं आणि साबणानं हात धुतले.

आणि एका दुपारी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. जयेशशेठच्या कंपनीची जाहिरात. कॅम्पची तीच खोली, खाटांवर नव्या चादरी, मधोमध मांडी घालून शेठ, आणि भोवती माणसं टाळ्या वाजवत 'पाणीमहाराज' म्हणतायत. मग सगळ्यांच्या हातात स्टीलचे पेले येतात. शेवटी विठ्ठल पेला उंच धरतो, गटागट पितो, आणि खाली अक्षरं येतात, 'आमची माणसं, आमचं कुटुंब.' पेटीवर कमालची चाल होती, स्वतः कमालनं वाजवलेली.

मयुरेशनं कमालला फोन लावला.

"तू वाजवलीस?"

"शेठनं मागितली, दिली. चाल माझी आहे ना? मला काय ठाऊक तो कसला व्हिडिओ करणार ते," कमालचा आवाज पडला होता. "तू ओरडणार असशील तर ओरड. मी तो बघून दोन दिवस पेटी उघडली नाय."

मयुरेशनं फोन ठेवला. कमालनं चाल दिली होती, तर शब्द कुणी दिले होते? आता ही माणसं उद्या कुठं तक्रार घेऊन गेली, तर समोरचा हाच व्हिडिओ लावणार. पाणी घाण आहे म्हणता? मग हे काय, हसत हसत पिताय की. त्या बारा जणांकडं जेवढी म्हणून तक्रार होती, तेवढी मयुरेशनं गोळा केली, यमकात बांधली आणि शेठच्या हातात दिली होती.

शुक्रवारी सकाळी तो कमालला घेऊन कॅम्पवर गेला. विठ्ठल नव्हता.

"विठ्ठल ऑफिसला," ओवैस म्हणाला. "शेठनं त्याला ऑफिसबॉय केला. पाहुणे आले की चहा द्यायचा नि ते गाणं म्हणायचं. तिथं कूलरचं पाणी हाय. तो खूश हाय, काका. पुळ्या पन सुकल्या त्याच्या."

"आणि तुम्ही?"

ओवैसनं नळ सोडून दाखवला. मयुरेशनं नाक दाबलं नाही, दाबावंसं वाटूनही. त्याला आता वडिलांची ती विहीर आठवत होती आणि स्वतःच्या अकलेची किळस येत होती. खोतानं काय वगाला भिऊन गडी उतरवले होते? खोताला रोज सकाळी त्याच विहिरीवरून जावं लागायचं. पाणी भरणाऱ्या बायका हंडे टेकून त्याच्याकडं बघत राहायच्या. तो मान्य म्हणाला तो त्या बघण्याला. जयेशशेठ या गल्लीत त्या व्हिडिओपुरता आला होता, नाकाला रुमाल लावून, आणि परत कधीच येणार नव्हता. आपल्यासारख्या पन्नाशीच्या माणसाला हे कळू नये?

"जिना कुठंय?" मयुरेशनं विचारलं.

छतावर नऊ वाजताच पाय भाजत होते. छताच्या दाराला कुलूप होतं, ते ओवैसनं पान्यानं उचकटलं. टाकीच्या तोंडावर प्लायवूडचा अर्धामुर्धा तुकडा होता. तो बाजूला केला आणि तिघंही मागं झाले. आत हिरवं-काळं सायीसारखं काहीतरी होतं, आणि त्यात दोन पक्षी. एक ओळखू येत होता.

कमालनं दंड धरून त्याला बाजूला घेतलं. "मयुरेश, एक बघ. तू ही साफ केलीस की शेठचा शब्द खरा होतो. मान्य म्हणालो होतो, केलं, असं सांगत फिरेल तो."

"ठाऊक आहे."

"तरी उतरणार?"

"मग काय करू? आणखी एक वग लिहू?"

त्यानं खालचा पाइप काढून पाणी सोडून दिलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत उतरला. गाळ कोमट होता आणि पायाच्या बोटांमधून वर येत होता. पहिला पक्षी त्यानं हातानंच उचलला, दुसऱ्याचे तुकडे झाले. वर उभे असलेले तोंड फिरवत होते. मयुरेशला उलटी होईल म्हणून ओवैस जवळच उभा होता, पण त्याला काही झालं नाही. तो घमेली भरत राहिला, कमाल ती वर ओढत राहिला, बाकीचे जिन्यावरून खाली देत राहिले. तीन तास गेले. ब्लीचनं टाकी घासली, दोनदा धुतली, मयुरेशनं येतानाच वर्कशॉपमधून गाडीत टाकून आणलेला जाड पत्रा झाकण म्हणून बसवला आणि पाइप जोडून टाकी भरायला लावली.

तेवढ्यात कॅम्पचा वॉचमन वर आला.

"ताला किसने तोडा? किसको पूछा?"

वॉचमननं खिशातून फोन काढला. "मैं अभी शेठ को बोलता है. सबका नाम देता है."

अकरा माणसांचे चेहरे उतरले. ओवैस तेवढा पुढं झाला. "अरे, शेठ ने ही बोला है! स्टेज पे मान्य बोला था, मालूम नहीं? हम उसको थँक यू का मेसेज भेज रहे हैं, रुको दो मिनट." आणि मयुरेशकडं वळून खालच्या आवाजात, घाईघाईनं म्हणाला, "काका, दोन ओळी द्या. शेठला आवडतील अशा. तो खूश झाला तर आपन वाचलो, न्हायतर उद्या सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर नि परतीचं विमान. यल्ला, लवकर, काका, तो नंबर लावतोय."

मयुरेशच्या कोपरापर्यंत काळा चिखल होता. त्यानं कमालकडं बघितलं. कमालनं मान खाली घातली. त्या अकरा जणांच्या नजरा मात्र त्याच्यावरच होत्या, आणि त्यांत जराही चेष्टा नव्हती. लिहिणारा माणूस आहे, देईल दोन ओळी, एवढाच साधा विश्वास होता.

"लिही," तो म्हणाला. शब्द शोधावेच लागले नाहीत, वाट बघत बसल्यासारखे आले.

शब्द दिला शेठनी, शब्द केला खरा,
बारा जणांच्या दारी वाहे गोड पाण्याचा झरा!

ओवैसनं स्वच्छ टाकीचा फोटो जोडला आणि पाठवलं. वॉचमनचा फोन कानाला होता, पलीकडून अजून कुणी उचलला नव्हता. मिनिटभरानं ओवैसच्या मोबाईलवर शेठचा व्हॉइस मेसेज आला, मोठ्यानं हसणारा, "वा रे पठ्ठे! मफी मुश्किल, काहीच अडचण नाही! हे गुरवांचंच दिसतंय. ओळखलं की नाही? त्यांना म्हणावं, ह्याचा पण व्हिडिओ करायचा." वॉचमननं फोन खिशात घातला, मयुरेशला सलाम केला आणि खाली गेला.

जिन्यावरच माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. खाली कुणीतरी नळ सोडला होता. ओवैस स्टीलचा पेला भरून घेऊन आला. पाणी निर्मळ होतं, आरपार तळ दिसत होता.

"आधी तुमी, काका," तो म्हणाला. "तुमचा मान."

मयुरेशनं पेला घेतला आणि प्यायला. पाणी चांगलं होतं, कसलाच वास नव्हता. तो छताच्या कोपऱ्यापर्यंत कसाबसा गेला, भिंतीला धरून वाकला, आणि त्याला भडभडून उलटी झाली.